मुलीच्या मेलबर्नमधील आठवड्याच्या पगारातून होणारी करकपात कशी समजून घ्यावी?

प्रश्न | जुळे सोलापूरकर

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी फेब्रुवारी 2026 मध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मेलबर्नला गेली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून तेथील एका कॅफेमध्ये ‘कॅज्युअल’ म्हणून, म्हणजे जेवढे तास काम तेवढाच पगार या बोलीवर, काम करते आहे. तिला तासाला 32 डॉलर मिळतात. आठवड्याला साधारण 20 तास भरतात, म्हणजे पगार 640 डॉलर होतो. पण बँकेत जमा होतात 502 डॉलर. उरलेले 138 डॉलर कर म्हणून कापल्याचे पगाराच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

मी सत्तावीस वर्षे सोलापुरातील एका यंत्रमाग कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. दर आठवड्याचा पगार, त्यातून वळती होणारी उचल, पीएफची कपात हे सगळे मी हाताने मांडलेले आहे. परंतु आठवड्याच्या पगारातून प्राप्तिकर कापण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण कोणत्याही कामगाराचे वर्षाचे उत्पन्न त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नसे. म्हणून नुकत्याच गेलेल्या विद्यार्थिनीच्या पगाराचा पाचवा हिस्सा सरकारजमा कसा होतो, हे मला उलगडत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी भरलेल्या फॉर्मवर ‘करमुक्त मर्यादेचा लाभ घेणार का’ असा एक प्रश्न होता. ती सवलत तेथील नागरिकांसाठीच असते असे खोलीतल्या मैत्रिणींनी सांगितल्यामुळे तिने ‘नाही’वर खूण केली. हे चुकले का?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिला रविवारी चार तासांचे दुसरे काम मिळते आहे, पण तेथील मालक म्हणतो की ‘तू एबीएन (स्वतंत्र धंदा करणाऱ्याचा क्रमांक) काढ, मी तासाला 22 डॉलर देईन, कर वगैरे काही कापणार नाही.’ हे स्वीकारावे का? आणि या पगाराबद्दल आपल्याकडे, भारतात, काही भरावे लागते का? शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, त्यामुळे एकेक डॉलरचा हिशेब मनात चालू असतो. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर 1 | सात रस्ता ते मेलबर्न

काका, नमस्कार. मीही सोलापूरचाच, आठ वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून येथे आलो आणि पहिली दोन वर्षे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून सुरुवात केली. आपल्या मुलीने केली तीच खूण मीही केली होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की आठवड्याला कापले जाणारे 138 डॉलर हा तिचा कर नव्हे. ती कराच्या पोटी आगाऊ ठेवून घेतलेली रक्कम आहे. तिचा खरा कर किती, हे वर्ष संपल्यावर तिने विवरणपत्र भरले की ठरते. जास्त कापले गेले असेल तर परत मिळते, कमी कापले गेले असेल तर भरावे लागते. येथील आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून असे असते, आपल्यासारखे एप्रिल ते मार्च नव्हे.

आता ती खूण. ऑस्ट्रेलियात कराच्या दृष्टीने रहिवासी असलेल्या माणसाला वर्षाच्या पहिल्या 18,200 डॉलरवर कर नसतो. येथे ‘रहिवासी’ या शब्दाचा नागरिकत्वाशी किंवा कायम वास्तव्याच्या व्हिसाशी संबंध नाही. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या अभ्यासक्रमासाठी येऊन येथे राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला कर कार्यालय, म्हणजे एटीओ, सर्वसाधारणपणे रहिवासीच धरते. त्यामुळे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आलेल्या आपल्या मुलीला ती सवलत मिळते. मैत्रिणींनी सांगितले ते चांगल्या हेतूने असेल, पण चुकीचे आहे. तिने ‘नाही’ म्हटल्यामुळे कॅफेच्या मालकाला पहिल्या डॉलरपासून कपात करणे भाग पडले. खूण ‘होय’वर असती तर 640 डॉलरच्या पगारातून याच्या निम्म्याहूनही कमी रक्कम कापली गेली असती.

मग निम्मी तरी का, असे आपण विचाराल. कारण मालकाच्या तक्त्याला तिचे वर्ष दिसत नाही, फक्त तो एक आठवडा दिसतो. या आठवड्यात 640 मिळाले तर बावन्नही आठवडे 640 मिळतील, म्हणजे वर्षाला 33,280, असे धरून तो तक्ता कपात काढतो. ज्या आठवड्यात कोणी रजेवर असल्यामुळे तिला तीस तास मिळतील, त्या आठवड्यात कपातही एकदम वाढलेली दिसेल. परीक्षेच्या आठवड्यात दहाच तास केले तर, खूण ‘होय’वर असल्यास, कपात शून्य असेल. कॅज्युअल काम करणाऱ्याचे आठवडे कधीच सारखे नसतात, म्हणून त्याच्या बाबतीत हा अंदाज हमखास चुकतो आणि बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूला चुकतो. आपण हिशेबखात्यात होता, तेव्हा आपल्याला हे चटकन पटेल.

या वर्षाचा तिचा हिशेब मांडून पाहू. जी व्यक्ती वर्षाच्या मध्येच येते, तिला पूर्ण 18,200 ची मर्यादा मिळत नाही. 13,464 डॉलर ठरलेले, आणि त्यावर 4,736 डॉलरचा तेवढा भाग, जेवढे महिने ती येथे रहिवासी होती. फेब्रुवारी ते जून असे पाच महिने धरले तर 4,736 चे पाच-बारांश म्हणजे 1,973, आणि एकूण मर्यादा 15,437 डॉलर. मार्चपासून जूनअखेरपर्यंत सतरा आठवडे, दर आठवड्याला 640, म्हणजे 10,880 डॉलर पगार. तो मर्यादेच्या बराच आत आहे. याचा अर्थ 30 जून 2026 रोजी संपणाऱ्या वर्षासाठी तिचा प्राप्तिकर शून्य, आणि खूण बदललीच नाही तरी कापलेले सुमारे तेवीसशे डॉलर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. पैसे बुडालेले नाहीत, अडकलेले आहेत.

पुढच्या वर्षी मात्र थोडा कर लागेल. 1 जुलै 2026 पासून 18,200 ते 45,000 या टप्प्याचा दर 16 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर येतो. पूर्ण वर्ष 640 च्या हिशेबाने 33,280 मिळाले, तर वरच्या 15,080 डॉलरवर 2,262 डॉलर कर होतो. कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारी 700 डॉलरची सूट त्यातून वजा करून 1,562 उरतात. वर्षाच्या पगाराच्या पाच टक्क्यांहूनही ते कमी आहे.

तिने आता करायचे ते असे, की कॅफेच्या मालकाकडे नवा फॉर्म भरून द्यावा आणि त्यात करमुक्त मर्यादेला ‘होय’ म्हणावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, हा रोजचा व्यवहार आहे. आधीची जादा कपात मालक परत देणार नाही, ती विवरणपत्रातूनच येईल. दुसरी नोकरी धरली तर तेथे मात्र ‘नाही’वरच खूण करावी, कारण ही मर्यादा एका वेळी एकाच मालकाकडे घ्यायची असते. दोन्हीकडे ‘होय’ म्हणून वर्षअखेरीस अचानक हजार-दीड हजार डॉलर भरण्याची वेळ आलेली मुले मी पाहिली आहेत, आणि नेमके तेव्हाच पुढच्या सत्राचे शुल्क भरायचे असते.

विवरणपत्र 1 जुलै ते 31 ऑक्टोबर या काळात मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरील खात्यातून स्वतःच, विनामूल्य, भरता येते. 1 जुलैला लगेच घाई करू नये. मालकाने दिलेली पगाराची वर्षभराची माहिती ‘टॅक्स रेडी’ अशी दिसू लागली की मगच भरावे, म्हणजे आकडे जुळतात. घरून कॅफेपर्यंतचे ट्रामभाडे किंवा काळी पँट यांचा खर्च वजावट म्हणून दाखवू नये, तो चालत नाही. आपण भारतातून पाठवलेले पैसे किंवा कर्जाची रक्कम हे तिचे उत्पन्न नव्हे, ते कुठेही दाखवायचे नसते. आणि रिफंडच्या नावाने मोबाइलवर एखादी लिंक आली तर ती उघडू नये. टॅक्स फाइल नंबर हा आपल्या पॅनसारखाच, किंबहुना त्याहून जपून ठेवण्याचा क्रमांक आहे.

उत्तर 2 | विजापूर वेसची लेक

वरील उत्तरात एक गोष्ट राहिली आहे. करासोबत येथे मेडिकेअर लेव्ही म्हणून सामान्यतः उत्पन्नाच्या 2 टक्के आकारणी होते. आपल्या मुलीचे यंदाचे उत्पन्न इतके कमी आहे की ती लागणार नाही, परंतु पुढच्या वर्षी तिचा काही भाग लागू शकतो. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना मेडिकेअरची आरोग्यसेवा मिळतच नाही, आपण खाजगी विमा घेऊन येतो. म्हणून ही लेव्ही आपल्याला माफ होते. मात्र ती आपोआप माफ होत नाही. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी कार्यालयाकडे अर्ज करून ‘मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट’ मागवावे लागते आणि विवरणपत्रात सूट मागावी लागते. अर्ज जुलैच्या सुरुवातीलाच केलेला बरा. मी पहिल्या वर्षी हे न कळल्यामुळे काही शे डॉलर भरले आणि नंतर विवरणपत्र दुरुस्त करून परत मिळवले.

उत्तर 3 | नवी पेठ, कर सल्लागार

भारताच्या बाजूचे मी सांगतो. कराच्या बाबतीत आपल्याकडेही नागरिकत्वापेक्षा वास्तव्याचे दिवस महत्त्वाचे असतात. आपली कन्या फेब्रुवारी 2026 मध्ये गेली, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या वर्षात ती 182 दिवसांहून अधिक काळ भारतात होती. त्यामुळे त्या वर्षापुरती ती भारताची निवासी ठरते, आणि निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न भारतात मोजले जाते. मार्चमध्ये तिला मेलबर्नला मिळालेला पगार तांत्रिकदृष्ट्या त्यात येतो. तिचे येथे दुसरे उत्पन्न नसेल तर ही रक्कम नव्या करप्रणालीतील 4 लाखांच्या मूळ मर्यादेच्या पुष्कळ आत राहते आणि कर काहीही लागत नाही. परंतु परदेशात बँक खाते असलेल्या निवासी व्यक्तीला उत्पन्न मर्यादेखाली असतानाही विवरणपत्राचा विचार करावा लागतो, म्हणून खाते उघडल्याची तारीख आणि मार्चच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन एकदा आपल्या नेहमीच्या सनदी लेखापालांकडे जाऊन यावे.

1 एप्रिल 2026 पासूनच्या वर्षात ती बहुतांश काळ भारताबाहेर असेल. सुट्टीत, समजा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला म्हणून महिनाभर सोलापूरला आली, तरी ती अनिवासीच राहील, आणि मेलबर्नच्या पगारावर भारतात कर लागणार नाही. तिने घरी पैसे पाठवले तर मुलीने आईवडिलांना दिलेली रक्कम म्हणून त्यावरही आपल्याला कर नाही. येथील तिचे बचत खाते मात्र बँकेला कळवून अनिवासी, म्हणजे एनआरओ, करून घ्यावे. हे काम बरेच पालक वर्षानुवर्षे पुढे ढकलतात.

जुळे सोलापूरकर

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीशी फोनवर बोलताना वरचा सगळा हिशेब कागदावर पुन्हा मांडला आणि तो जुळला. तिने कॅफेमधून नवा फॉर्म मागून घेतला आहे. पगाराच्या चिठ्ठीवर ‘सुपर’ म्हणून 76 डॉलर 80 सेंट अशीही एक नोंद आहे, ती कपात आहे का? आणि एबीएनचा प्रश्न अजून उरला आहे. रविवारच्या मालकाला तिने उद्या उत्तर द्यायचे आहे.

उत्तर 4 | सात रस्ता ते मेलबर्न

काका, सुपर ही कपात नाही. आपल्याकडे विडी कामगार बायकांचा जसा पीएफ असतो, तशी ती निवृत्तीची शिल्लक आहे, पण येथे सगळी रक्कम मालकच पगाराच्या वर भरतो. सध्या ती पगाराच्या 12 टक्के आहे. 640 चे 12 टक्के म्हणजे बरोबर 76 डॉलर 80 सेंट. 1 जुलै 2026 पासून ती मालकाला प्रत्येक पगाराबरोबरच जमा करावी लागेल, त्यामुळे ती खरोखर भरली जाते की नाही हे तिला फंडाच्या अ‍ॅपवर लगेच पाहता येईल. देश कायमचा सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती काढता येते, पण विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना त्यातील सामान्यतः 35 टक्के कर म्हणून द्यावे लागतात.

रविवारचे काम त्या अटीवर मुळीच घेऊ नये. एबीएन हा स्वतंत्र धंदा करणाऱ्याचा क्रमांक आहे: जो आपली वेळ स्वतः ठरवतो, आपली हत्यारे वापरतो, नफ्या-तोट्याचा धनी असतो. मालक सांगेल त्या वेळी, मालकाच्या गल्ल्यावर उभी राहणारी मुलगी कर्मचारीच असते, कागदावर काहीही लिहिले तरी. ‘कर कापणार नाही’ हे ऐकायला गोड वाटते. त्याचा खरा अर्थ असा की कर पुढे तिलाच एकरकमी भरावा लागेल, सुपर मिळणार नाही, आणि कामावर हात भाजला तर विम्याचे भांडण तिलाच लढावे लागेल. शिवाय एकवीस वर्षांवरील कॅज्युअल कर्मचाऱ्यासाठी सध्याचे किमान वेतनच तासाला 31 डॉलरच्या वर आहे. 22 डॉलर देणारा मालक तिच्याकडून दर तासाला नऊ डॉलर काढून घेतो आहे.

तिने मालकाला नम्रपणे सांगावे की टॅक्स फाइल नंबरवर, पगाराच्या चिठ्ठीसह, ठरलेल्या दराने काम देत असाल तर येते. पगार झाल्यापासून कामकाजाच्या एका दिवसात चिठ्ठी देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. नाही म्हणाला तर दुसरीकडे पाहावे. आधी कुठे असे काम करून झाले असेल तर फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे मोफत तक्रार करता येते. विद्यार्थी आहोत म्हणून व्हिसा जाईल या भीतीने गप्प बसू नये. फक्त तासांची मर्यादा पाळावी: सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तास, आणि त्यात दोन्हीकडचे तास एकत्र मोजले जातात. कॅफेचे चाळीस आणि रविवारचे आठ मिळून ते अगदी काठोकाठ भरतात, म्हणून कॅफेत एखादा जास्तीचा तास घेण्यापूर्वी त्या पंधरवड्याची बेरीज तिने आधी करून पाहावी.