१९६७ ची फियाट डिलाइट, मूळ रंगातली: रंगवावी की नाही?

सई (मिरज)
नमस्कार. आजोबा मिरजेत डॉक्टर होते. व्हिजिटला जायची त्यांची फियाट ११०० डिलाइट वाड्यात छपराखाली उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली, तेव्हाचाच राखाडी रंग. बॉनेटवर रंग उडून प्रायमर दिसतो. ड्रायव्हरच्या खिडकीची कड आजोबांच्या कोपराने घासून गुळगुळीत झाली आहे. मागच्या सीटवर आयोडीनचा डाग आहे. नंबरप्लेट काळी, तिच्यावरची पांढरी अक्षरं रंगाऱ्याच्या हातची. इंजिन अजून चालू होतं.
काका म्हणतात, रंग खरवडून लाल मारू, सीट नव्या करू, लग्नांना भाड्याने देऊ. मला ते पटत नाही, पण काकांना पटेल असं कारण सापडत नाही. जाणकारांनी सांगावं.

पेंटरदादा (कोल्हापूर)
सईताई, रंगाला हात लावू देऊ नका. माझी उमर डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली. नवीकोरी दिसणारी डिलाइट मी कधीही करून देईन, पण आजोबांच्या कोपराने झिजलेली कड मला करता येणार नाही. जुन्या रंगात बघणाऱ्याला सगळं दिसतं: कुठला मडगार्ड ठोकला, कुठे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, गाडी उन्हात कुठल्या बाजूने उभी असायची. एकदा खरवडलं की सगळं गेलं. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, म्हणून माणसं ती अशी जपायची. हा जपणुकीचा पुरावा आहे, त्याला मोडकळीस आलेलं कोण म्हणेल?
रंग जपा म्हणजे बाकी काही करू नका, असं मात्र नाही. फियाटला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. म्हणून आधी पायाखालच्या मॅट उचला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकून बघा. आवाज बोदा आला, म्हणजे पत्रा गंजला असेल, तर तेवढाच तुकडा वेल्डिंगने बदला. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यांचे रबर नवे घाला. टायर बदला. पेट्रोलचे पाइपही बदला, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. बॉनेटला फक्त सौम्य साबण आणि मेण. रबिंग कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) नको, उरलेला रंगही निघेल.

वकीलसाहेब (पुणे)
काकांना नियम दाखवा. २०२१ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरबदल न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे आजोबांच्या गाडीचा नंबर कागदोपत्रीही तोच राहील. मात्र विंटेज नोंदणीची गाडी धंद्यासाठी किंवा रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे लग्नाचं भाडं विसरा.

अनिकेत (कॅलिफोर्निया)
सई, ऑगस्ट २०२४ मध्ये इथे पेबल बीचच्या मोटारप्रदर्शनात सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड तिसरे यांच्याकडे एकेकाळी असलेली, रिस्टोअर न केलेली, म्हणजे पुन्हा नवीकोरी न बनवलेली गाडी. तिथे वर्षानुवर्षं चकचकीत रिस्टोअर केलेल्या गाड्याच जिंकायच्या. जपणूक विभागातल्या गाडीने पहिला क्रमांक घेण्याची ती पहिलीच वेळ. काकांना तिचे फोटो दाखव.

सई (मिरज)
सगळ्यांचे मनापासून आभार. काका फोटो बघून गप्प झाले आहेत, रविवारी बोलू म्हणाले. दादा, एक राहिलं. छताचं आतलं कापड मागच्या काचेजवळ लोंबतंय. काढून टाकू का?

पेंटरदादा (कोल्हापूर)
काढू नका. चांगला शिंपी बघा आणि जुन्याच भोकांतून, जुन्या रंगाच्या दोऱ्याने हाताने टाके घालून घ्या. गोंद वापरायचा नाही, त्याचे डाग कापडावर उमटतात. त्याच्याआधी मॅट मात्र उचला.