कोरीव ओकचा पेटारा : १६६८ ही तारीख खरी मानावी का?

प्रश्न

नमस्कार. गेली सहा वर्षे मी यॉर्कशायरमध्ये राहते. इथली जुनी ग्रामीण घरे आणि चर्च पाहता पाहता मला जुन्या, हाताने घडवलेल्या ओकच्या फर्निचरची ओढ लागली. आजवर मी केवळ पाहत आणि वाचत आले आहे, विकत काहीही घेतलेले नाही. आता जवळच्या एका गावातील लिलावात एक पेटारा आला आहे. इथे त्याला कॉफर म्हणतात. संग्रहाची सुरुवात त्याने करावी, असे मनात आहे.

पेटाऱ्याच्या पुढच्या बाजूस तीन पॅनल आहेत, वरच्या आडव्या पट्टीवर कोरीव अर्धवर्तुळांची रांग आहे आणि मधल्या पॅनलवर ‘जे. एच.’ ही आद्याक्षरे व त्यांच्याखाली १६६८ हे वर्ष कोरलेले आहे. झाकणावरही पानाफुलांची कोरीव किनार आहे. संपूर्ण पेटारा जवळजवळ काळा असून चकचकीत दिसतो. माहितीपत्रकात ‘१७वे शतक, नंतरच्या काही दुरुस्त्यांसह’ एवढेच लिहिले असून अपेक्षित किंमत ६०० ते ९०० पौंड दिली आहे. विक्रीपूर्वी एक दिवस वस्तू प्रत्यक्ष हाताळून पाहता येणार आहे. त्या दिवशी नेमके काय तपासावे, आणि कोरलेल्या तारखेवर किती विसंबावे, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

पहिले उत्तर

आपण दिलेल्या वर्णनातील तीन गोष्टींनी मी थबकलो : कोरीव झाकण, सरसकट काळा रंग आणि ‘जे’ हे अक्षर. तिन्हींविषयी सांगतो, पण तपासणीला सुरुवात मात्र कोरीवकामापासून करू नका. पेटारा उघडा आणि आधी त्याचा आतला भाग, पाठ आणि तळ पाहा. नकली वस्तू बनवणाऱ्याची सगळी मेहनत दर्शनी बाजूवर खर्च झालेली असते.

१७व्या शतकातला असा पेटारा बांधणारा कारागीर जॉइनर, म्हणजे लाकडाचे तुकडे सांध्यांनी जोडून फर्निचर घडवणारा, असे. लंडनमध्ये सुतार आणि जॉइनर यांच्यात कोणी कोणते काम करावे यावरून वाद होता आणि १६३२ मध्ये नगराच्या न्यायसभेने खोबण-कुसवाच्या सांध्यांचे (एका लाकडातल्या खोबणीत दुसऱ्याचे तासलेले टोक, म्हणजे कुसू, बसवण्याचे) काम जॉइनरांचे ठरवले. हा सांधा सरसाने चिकटवलेला नसे. कुसवातले भोक खोबणीतल्या भोकापेक्षा किंचित आत पाडत आणि त्यातून ओकची खुंटी ठोकत. त्यामुळे सांधा आवळला जाई आणि शतकानुशतके आवळलेला राही. खुंट्या हाताने तासलेल्या असल्यामुळे त्यांची डोकी अगदी गोल नसतात आणि भोवतालचे लाकूड आक्रसल्याने ती किंचित वर आलेली बोटाला जाणवतात. यंत्रावर कातलेली, गुळगुळीत, एकसारखी वर्तुळे दिसली तर ती खुंटी नंतरची समजावी.

पॅनल चौकटीच्या खाचेत नुसते सरकवलेले असत, कारण ओक हवामानाप्रमाणे फुगतो आणि आक्रसतो व त्याला हलायला जागा लागते. पॅनलचे लाकूड पुष्कळदा करवतीने न कापता ओंडक्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने फोडून काढत. असे फोडलेले पॅनल एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते आणि त्याच्या अंगावर आडवे, रुपेरी, नागमोडी पट्टे चमकतात. पाठीमागून हात फिरवून ही जाडी तपासता येते. मागच्या बाजूला वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) उथळ घाव किंवा हातकरवतीच्या सरळ पण कमीजास्त अंतराच्या रेघा दिसाव्यात. कमानीसारख्या वक्र रेघा दिसल्या तर ते लाकूड गोल करवतीवर कापलेले आहे, म्हणजे बहुधा १९व्या शतकातले किंवा त्यानंतरचे आहे.

खिळ्यांकडेही लक्ष द्या. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते आणि लोखंडाशी संयोग होऊन ते लाकडाला निळसर काळे करते. जुन्या दिसणाऱ्या खिळ्याभोवती असा डाग नसेल तर खिळा नवा आहे, आणि डाग असून जवळपास खिळा किंवा बिजागरी नसेल तर ती फळी दुसऱ्याच कुठल्या वस्तूतून आलेली असू शकते. अशा पेटाऱ्यांची मूळ बिजागरी बहुधा लोखंडी तारेच्या दोन अडकवलेल्या कड्यांची असे. ती हमखास तुटत असल्याने बदललेली असणे हा दोष नव्हे. पण तिच्या जुन्या भोकांची खूण झाकणावर आणि मागच्या पट्टीवर समोरासमोर यायला हवी. ती जुळत नसेल तर झाकण परके आहे.

आता त्या तीन गोष्टी. त्या काळातल्या पेटाऱ्यांची झाकणे सामान्यतः साधी असत. त्यांच्यावर लोक बसत, सामान ठेवत. झाकणावर पानाफुलांची किनार म्हणजे व्हिक्टोरियन काळात कोणीतरी साधा पेटारा ‘सजवला’ असण्याची शक्यता मोठी. त्या काळी मध्ययुगीन थाटाच्या अंधाऱ्या खोल्यांची आवड बोकाळली होती आणि लंडनमधील वॉर्डर स्ट्रीट जुन्या-नव्या तुकड्यांतून जुळवलेल्या ओकच्या फर्निचरसाठी इतका कुप्रसिद्ध झाला की, ओढूनताणून जुनाट केलेल्या भाषेलाही त्या रस्त्याचे नाव चिकटले. काळा रंगही त्याच आवडीचा आहे. नवा ओक मधासारखा पिवळसर असतो आणि मेण, धूर व हाताळणी यांनी तो तपकिरी होतो, तेही जागोजागी वेगवेगळ्या छटांनी. सगळीकडे सारखाच काळा असलेला पेटारा बहुधा रंगवलेला असतो.

‘जे’ अक्षराचे कारण निराळे आहे. १७व्या शतकात कोरीव आद्याक्षरांत ‘जे’च्या जागी ‘आय’ हेच अक्षर वापरण्याची रीत होती, त्यामुळे जॉनची खूणही ‘आय’ अशीच दिसते. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण १६६८ या वर्षासोबत स्पष्ट ‘जे’ पाहून मी तरी भिंग काढले असते. कोरीवकाम नंतरचे आहे की नाही, याचा सर्वांत चांगला साक्षीदार मात्र खुंटी असते. मूळ कारागीर पट्ट्या आधी कोरून मग सांधत असे. पटाशीचा घाव खुंटीच्या डोक्यावरून गेलेला दिसला तर पेटारा आधी जोडला गेला आणि कोरला नंतर, हे उघड आहे.

दुसरे उत्तर

वरील उत्तर तंत्राच्या दृष्टीने अचूक आहे, परंतु नंतर कोरलेला पेटारा म्हणजे बिघडलेला पेटारा, असा त्यातून निघणारा अर्थ मला पटत नाही. मूळ सांगाडा १७व्या शतकातला असेल आणि त्यावर १८५०च्या सुमारास कोणा गावकारागिराने मन लावून नक्षी काढली असेल, तर तोही त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग आहे. माझ्याकडे असा एक पेटारा आहे आणि तो मी कधीही विकणार नाही. अट एवढीच की, तो काय आहे हे जाणून, त्याच किमतीत घ्यावा. १६६८च्या तारखेसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

पैशांचा हिशेब मात्र आधी करा. हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावघर खरेदीदाराचे अधिमूल्य लावते. ते २५ टक्के असेल तर ७०० पौंडांच्या बोलीवर १७५ पौंड होतात, त्यावर २० टक्के व्हॅटचे ३५ पौंड, म्हणजे एकूण ९१० पौंड. वाहतूक निराळी. गेल्या दोन दशकांत साध्या जुन्या लाकडी फर्निचरचे भाव बरेच उतरले असल्यामुळे न कोरलेला, खरा, १७व्या किंवा १८व्या शतकातला पेटारा प्रादेशिक लिलावांत काहीशे पौंडांत मिळू शकतो. १७२१ मध्ये अमेरिकी वसाहतींतल्या लाकडावरील आयातकर उठल्यावर श्रीमंत घरांत महोगनी हे तांबूस लाकूड शिरले, पण खेड्यांतले जॉइनर पुढेही जुन्याच पद्धतीने ओकचे पेटारे बांधत राहिले, म्हणून केवळ घडणीवरून वस्तू १७व्या शतकातली ठरवू नये.

बोलीपूर्वी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाणे जमत असेल तर तिथला ‘ग्रेट बेड ऑफ वेअर’ पाहा. १५९०च्या दशकातला, तीन मीटरहून रुंद असा हा ओकचा पलंग आहे. त्यावर मूळ रंगाचे अंश अजून आहेत. त्या काळचा ओक काळाकुट्ट आणि उदास नसे, हे तिथे डोळ्यांनी पटते.

तिसरे उत्तर

आपण यॉर्कशायरमध्येच आहात, म्हणून एक वेगळा मार्ग सुचवते. पहिल्या खरेदीतच साडेतीनशे वर्षांच्या वस्तूचे कोडे सोडवण्याऐवजी २०व्या शतकातला हस्तघडणीचा ओक पाहावा. किलबर्न या गावचे रॉबर्ट थॉम्प्सन (१८७६–१९५५) यांनी जुन्या पद्धतीचे, खुंट्यांनी सांधलेले फर्निचर बनवले, त्याचे पृष्ठभाग वाकसाने तासून हलक्या लाटांसारखे ठेवले आणि खूण म्हणून प्रत्येक वस्तूवर एक छोटा उंदीर कोरला. सुरुवातीच्या उंदरांना पुढचे पाय असत, नंतर ते वगळले गेले, त्यामुळे काळाचा ढोबळ अंदाज येतो. कार्यशाळा आजही गावात सुरू आहे. उंदरांच्याही नकला होतात, हे लक्षात असू द्यावे. मात्र मेजाच्या फळीवर हात फिरवला की हातघडणीचा ओक म्हणजे काय हे जसे कळते, तसे ते कोणत्याही वर्णनातून कळत नाही. हे शिक्षण झाले की जुन्या पेटाऱ्याची पाठ तपासताना बोटे आपोआप योग्य जागी थांबतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मी विजेरी, भिंग आणि छोटा आरसा घेऊन गेले आणि त्या पेटाऱ्यापाशी जवळजवळ एक तास बसले.

आतला भाग कोरडा, करडा आणि अजिबात न रंगवलेला आहे. डाव्या कोपऱ्यात किरकोळ वस्तू ठेवण्याचा झाकणाचा छोटा कप्पाही शाबूत आहे. मागची पॅनल एका कडेला जवळजवळ दुप्पट जाड आहेत. बिजागरीच्या जुन्या खुणा झाकणावर आणि मागच्या पट्टीवर जुळतात. म्हणजे सांगाडा खरा आहे, असे मला वाटले आणि क्षणभर फार आनंद झाला. मग पुढची बाजू पाहिली. वरच्या पट्टीवरील दोन खुंट्यांच्या डोक्यांवरून अर्धवर्तुळाची रेघ आरपार गेली आहे. झाकणावरच्या नक्षीत किड्यांची बिळे आडवी, उघड्या चरांसारखी दिसतात. किडा पृष्ठभागाखालून पोखरत जातो, चर उघडा करून ठेवत नाही. म्हणजे कीड आधी लागली आणि पटाशी नंतर चालली. तारखेतल्या शेवटच्या ८ची कड जिथे टवका उडून निघाली आहे, तिथे काळ्या रंगाखाली फिकट लाकूड दिसते.

दुसऱ्या उत्तरातले म्हणणे मला पटले होते, तरी ती तारीख एकदा खोटी दिसल्यावर माझी नजर तिच्यावरून हटेना. मी त्यावर बोली लावली नाही. त्याच दालनात भिंतीशी एक साधा, तीन पॅनलांचा, न कोरलेला पेटारा होता. त्याचा एक पाय नंतर जोडलेला आहे आणि झाकणाला एक लांब भेग आहे. पुढची पट्टी मात्र हातांच्या घर्षणाने मधोमध झिजून उजळली आहे. आज तो २४० पौंडांना मिळाला, अधिमूल्य आणि व्हॅट धरून ३१२ पौंड झाले. आता दोन शंका आहेत. त्याच्या तळाशी थोडे पांढरट पीठ सांडलेले आहे. आणि घरात त्याला बसेल अशी एकच जागा आहे, ती रेडिएटरशेजारी.

पहिल्या उत्तरकर्त्याचे उत्तर

अभिनंदन. झिजून उजळलेली ती पट्टी कोणाला बनवता येत नाही. आपण योग्य वस्तू घेतलीत.

पीठ जुन्या बिळांतून वाहतुकीत हादरून पडलेलेही असू शकते. पेटारा इतर लाकडी वस्तूंपासून दूर ठेवा, खाली काळा कागद अंथरा आणि आज दिसणाऱ्या भोकांच्या कडेला सुटणाऱ्या खडूने बारीक खुणा करा. साध्या फर्निचर किड्याची भोके एक ते दोन मिलिमीटरची असतात आणि प्रौढ किडे साधारण मे ते ऑगस्टमध्ये बाहेर पडतात. त्या काळात ताजे पीठ किंवा खूण नसलेले भोक दिसले, तर संवर्धकाकडून (जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडून) अतिथंड उपचार करून घ्यावेत. उणे ३० अंश सेल्सिअसला साधारण तीन दिवस ठेवल्याने किडा मरतो आणि पृष्ठभागाला रसायन लागत नाही.

रेडिएटरशेजारी मात्र तो ठेवू नका, जागा बदलावी लागली तरी बदला. त्या कोरड्या उष्णतेने झाकणाची भेग एका हिवाळ्यात रुंदावेल. सापेक्ष आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास आणि शक्य तितकी स्थिर राहील अशी आतली भिंत निवडा. वर्षातून एकदोनदा मधमाश्यांचे मेण अगदी पातळ लावून मऊ कापडाने घासा, सिलिकोनचे फवारे आणि जवसाचे तेल दूर ठेवा. भेग बुजवू नका, आणि खुंट्या वर आलेल्या दिसल्या तरी त्या ठोकून आत घालू नका, कारण ठोकल्याने सांधा घट्ट होत नाही, उलट कुसवाचे लाकूड फुटण्याची भीती असते.