मदत हवी आहे: छोट्या अपार्टमेंट बिल्डिंगसाठी अमेरिकेतलं कुठलं शहर निवडावं?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. मी, माझी मावसबहीण आणि दाजी मिळून दहा ते वीस युनिटची एक जुनी अपार्टमेंट बिल्डिंग घ्यायचा विचार करतोय. आम्ही सगळे न्यू जर्सीत, इथल्या किमती झेपत नाहीत आणि बऱ्याच गावांत रेंट कंट्रोल (भाडं किती वाढवता येतं यावर बंधन) आहे, म्हणून बाहेर बघतोय. सध्या यादीत ऑस्टिन, टँपा, कोलंबस आणि इंडियानापोलिस आहेत. सिंडिकेशनमध्ये, म्हणजे अनेकांचे पैसे गोळा करून दुसराच कोणी चालवतो अशा प्रोजेक्टमध्ये, पैसे घालायचे नाहीयेत, स्वतःची बिल्डिंग आणि तिथलाच एखादा चांगला प्रॉपर्टी मॅनेजर असंच करायचंय, तेव्हा प्लीज ते सुचवू नका.

लोकसंख्या वाढतेय का बघा, नोकऱ्या वाढतायत का बघा, हे जिथे जाऊ तिथे ऐकायला मिळतं. पण मग ऑस्टिनचं काय? लोक येत होते, टेस्लाने २०२१ मध्ये मुख्यालय तिकडे नेलं, आणि तरी २०२२-२३ नंतर भाडी चांगलीच उतरली, कारण सगळ्या बिल्डरांनी एकदमच अपार्टमेंट बांधायला घेतली आणि ती एकदमच बाजारात आली. म्हणजे मागणी किती वाढली यापेक्षा तिच्या तुलनेत नवीन युनिट किती येतायत हे बघायला हवं, असं माझं आता पक्कं मत झालंय. सेन्सस ब्युरो दर महिन्याला बांधकाम परमिटचे आकडे काढतं, त्यात पाच आणि त्याहून जास्त युनिटच्या बिल्डिंगी वेगळ्या दिसतात, तेवढं मी बघतोच. दाजींचं म्हणणं नेमकं उलट, की व्याजदर वाढल्यापासून नवीन कामं सुरू होणं खूप कमी झालंय, त्यामुळे दोनतीन वर्षांत तिथे टंचाई होईल, भाव पडलेत तोवर घेऊन ठेवू. मुद्दा चुकीचा नाहीये त्यांचा, पण तोपर्यंत हप्ते कशातून भरायचे?

आणि मला खरी काळजी आहे ती खर्चाची. बारा युनिट, प्रत्येकी ११०० डॉलर भाडं धरलं तर वर्षाचे १,५८,४०० होतात. रिकामी युनिट आणि थकबाकीचे सात टक्के काढले, उरलेल्यातून साधारण पंचेचाळीस टक्के खर्च गेला, की एनओआय (खर्च वजा जाता, पण कर्जाचे हप्ते भरण्याआधीचं उत्पन्न) ८१ हजारांच्या आसपास राहतं. साडेसहा टक्के कॅप रेटने (एनओआय भागिले किंमत) बिल्डिंगची किंमत साडेबारा लाख डॉलरच्या जरा खाली येते. आता नुसता टॅक्स आणि इन्शुरन्स मिळून वर्षाला दहा हजारांनी वाढला, बाकी काहीच बदललं नाही, तरी त्याच कॅप रेटला किंमत दीड लाखाहून जास्त घसरते! वर बँक डीएससीआर १.२५ मागते, म्हणजे एनओआय वर्षाच्या हप्त्यांच्या सव्वापट हवं, तिथेही मार बसतो. ब्रोकरच्या प्रो फॉर्मात (पुढच्या उत्पन्न-खर्चाच्या अंदाजपत्रकात) तर विकणाऱ्याचा जुना टॅक्स तसाच पुढे ओढलेला असतो, विक्रीनंतर असेसमेंट (टॅक्ससाठी सरकार धरतं ती किंमत) वाढलं तर काय होईल याचा एक शब्द नाही.

म्हणून टँपाबद्दल माझं मन होत नाही. २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन अशी दोन वादळं दोन आठवड्यांच्या आत त्या भागात येऊन गेली, आणि फ्लोरिडात इन्शुरन्सचं दुखणं त्याच्याही आधीपासूनचं आहे. ऑस्टिनकडे, म्हणजे टेक्सासमध्ये, राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे सगळे कौतुकाने सांगतात, पण प्रॉपर्टी टॅक्स केवढा आहे ते बघा की. याउलट इंडियानात भाड्याच्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्सला असेस्ड व्हॅल्यूच्या दोन टक्क्यांची मर्यादा थेट राज्यघटनेतच घातलेली आहे (मतदारांनी मंजूर केलेले जादा कर त्याच्या बाहेर, हे लक्षात ठेवून). मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पुढच्या दहा वर्षांचा अंदाज तरी बांधता येतो.

कोलंबस ताईला आवडलंय. ओहायो राज्याची राजधानी आहे, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी आहे, विमा कंपन्या, बँका, हॉस्पिटलं, म्हणजे एका धंद्यावर शहर उभं नाही. मोटारींच्या एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती ती २०२० मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली, त्यामुळे हा मुद्दा मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो. फक्त तिथले ब्रोकर प्रत्येक डीलमध्ये इंटेलच्या चिप कारखान्याचं नाव घेतात. तो कारखाना जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, २०२५ मध्ये सुरू होणार होता आणि आता २०३०-३१ वर गेलाय. अशा घोषणेसाठी जास्त पैसे मोजायला मी तयार नाही.

तर विचारायचंय ते असं. नवीन बिल्डिंगी सगळ्या महागड्या क्लास ए (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) असतात, आम्ही बघतोय १९७० च्या दशकातल्या. नवीनवाल्यांनी दोन महिने भाडं माफ केलं की आपले भाडेकरू तिकडे उठून जातात का, की तो वेगळाच वर्ग असतो? ज्यांच्या जुन्या बिल्डिंगी ऑस्टिन किंवा सॅन अँटोनिओकडे आहेत त्यांनी गेल्या दोन वर्षांतला अनुभव नक्की सांगा. इंडियानापोलिस आणि कोलंबसमध्ये कुठल्या भागात वसुली नीट होते आणि कुठे नुसता कॅप रेट छान दिसतो? लांबून मॅनेज करताना मॅनेजर टक्केवारीशिवाय आणखी कशाकशाचे पैसे लावतो? आणि इन्शुरन्सचा लेखी कोट ऑफर द्यायच्या आधी मिळतो का, की कॉन्ट्रॅक्ट झाल्यावर ड्यू डिलिजन्सच्या (खरेदीआधीच्या तपासणीच्या) मुदतीतच काढावा लागतो? हे शेवटचं जरा लवकर कळलं तर बरं, कारण इंडियानापोलिसच्या एका बिल्डिंगवर आम्हाला याच महिन्यात ऑफर द्यायचीये.