जॉर्ज मायकलची कुठली सीडी घेऊ?

'केअरलेस व्हिस्पर'चा सॅक्सोफोन वाजला की अजून काटा येतो अंगावर, आता त्याचं सगळं एकत्र हवंय. १९९८ची 'लेडीज अँड जेंटलमन' घेऊ का २००६ची 'ट्वेंटी फाइव्ह'?

उत्तर: ९८चीच घे रे. दोन डिस्क, 'फॉर द हार्ट'मध्ये संथ गाणी आणि 'फॉर द फीट' नाचायची, पहिली रात्री हेडफोन लावून ऐक, 'जीझस टू अ चाइल्ड' इतकं हळुवार गायलंय की आपण श्वास रोखून बसतो.

उत्तर: +१. सोल गायिका अरीथा फ्रँकलिनबरोबरचं ड्युएट पण आहे त्यात, तिच्यासमोर कुठ्ठे कमी पडत नाही हा माणूस!

उत्तर: पण त्याच्या आधीच्या 'व्हॅम' बँडची 'वेक मी अप'सारखी गाणी आणि २००४चं 'अमेझिंग' हवं असेल तर 'ट्वेंटी फाइव्ह'च घ्यावी लागेल.