मदत हवी आहे: गच्चीवर सोलर आहे, तरी रात्रभर कॉइल का चालते?

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र, पण आता लिहिणं भाग आहे.

घरात आम्ही चौघं. गिझर काढून गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवला, त्याला आठ महिने झाले. सपाट पॅनेलवाला आहे. दोन पॅनेलं, प्रत्येकी २ चौरस मीटर. पंप नाही. टाकीत २ किलोवॅटची विजेची कॉइल. बिलापेक्षा कार्बनचा विचार जास्त होता. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ७ युनिटं लागतात, आणि कोळशावरच्या विजेचं एक युनिट म्हणजे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड. रोजचे ७ किलो वाचणार, असं घरात सगळ्यांना ऐकवूनही झालं होतं.

गेल्या आठवड्यात सहज म्हणून झोपताना आणि उठल्यावर मीटरचे आकडे टिपले. फ्रिज वगैरे वजा जाता रात्रीतून साडेतीन ते चार युनिटं जातात, तीही दिवसभर कडक ऊन पडलेलं असताना! कॉइलचा थर्मोस्टॅट ६० वर आहे आणि बटण कायम चालू. "पाणी गार झालं की ती आपोआप लागते, तुम्ही बघूच नका," असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं. आम्ही खरंच बघितलं नाही.

शिवाय तळमजल्यावरच्या बाथरूममध्ये गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जातं.

पॅनेलं कमी पडतायत का? काचेच्या ट्यूबवाला घ्यायला हवा होता का? की हे सगळं काढून हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) लावू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
आधी काहीही विकत घेऊ नका. चौघांना ४ चौरस मीटर पुरतात. रात्री कॉइल टाकी ६० वर नेऊन ठेवते, मग सकाळी उन्हाला करायला काम काय उरतं? पॅनेलमध्ये जितकं गार पाणी जाईल तितकी उष्णता ते जास्त ओढतं. कॉइलचं बटण बंद करा आणि टाकीच्या सर्वांत जवळच्या नळाला थर्मामीटर लावून संध्याकाळी ५ आणि पहाटे ५ चे आकडे इथे टाका. रात्री गरम पाणी वापरू नका. चांगल्या टाकीत रात्रभरात चार-पाच अंश उतरतात, त्याहून फार नाही.

प्रतिसाद २
बादलीचं गणित सोपं आहे. आतून २५ मिमी व्यासाच्या पाइपात मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावतं. तुमचा पाइप ३० मीटर असेल तर १५ लिटर झाले. शिवाय आंघोळ झाल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून गार होतं, म्हणजे दुहेरी तोटा. १५ मिमीचा पाइप टाकला तर हे एक तृतीयांशाच्या आसपास येईल, पण नुसत्या उंचीच्या दाबावर धार बारीक पडते. सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकणं हा त्यातला फुकटचा उपाय. पाइपावर इन्सुलेशन चढवाच, आणि ते उन्हात भुगा होतं म्हणून वरून आवरणही हवं.

धागाकर्ता
तीन दिवसांचे आकडे जवळपास सारखेच आले. संध्याकाळी ६१, पहाटे ४६. तोपर्यंत थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवू का?

प्रतिसाद ३
४५ वर कायम ठेवू नका. लीजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतात, ६० ला काही मिनिटांत मरतात. तुमचं पाणी उन्हानेच ६० पार करतंय, त्यामुळे ऊन असताना चिंता नाही. ढगाळ दिवस लांबले तर मात्र कॉइल लावून एकदा ६० गाठू द्या.

प्रतिसाद १
१५ अंश! २०० लिटरच्या हिशेबाने साडेतीन युनिटं. म्हणजे तुमच्या मीटरचा आकडा जुळला. :) टाकी गळकी असल्यासारखी उष्णता सोडतेय. मला उलट्या प्रवाहाची शंका येते. दिवसा पॅनेलमधलं तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं. रात्री पॅनेल गार पडतं, त्यातलं जड पाणी खाली बसून खालच्या पाइपाने टाकीच्या तळाशी ढकललं जातं आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपाने पॅनेलमध्ये ओढलं जातं. रात्रभर तुमचं पॅनेल आकाश तापवत बसतं. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान फूटभर उंच हवा. पहाटे अंधारात जाऊन पॅनेलच्या वरच्या टोकाचा पाइप हाताला कसा लागतो ते बघा.

धागाकर्ता
बॅटरी घेऊन पाच वाजता गेलो होतो. काचेवर दव, लोखंडी स्टँड बर्फासारखा आणि वरचा पाइप चक्क कोमट! उंचीतला फरक मोजला तर जेमतेम चार बोटं. पण टाकी उचलायची सोय नाही. गार पाण्याची टाकी आमच्या सोलर टाकीपेक्षा वीतभरच उंच आहे, सोलरची वर नेली तर तिच्यात पाणी चढणारच नाही.

प्रतिसाद ४
मग टाकी राहू द्या, पॅनेलं खाली घ्या. स्टँडचे पाय कापायचे, पण चारही सारखे, नाहीतर कोन बदलेल. पाइप पॅनेलपासून टाकीपर्यंत सतत चढता हवा. मध्ये कुठे झोळ पडला की हवा अडकते आणि दिवसाचा प्रवाहही थांबतो. काही जण नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) सुचवतील, पण बिनपंपाच्या यंत्रणेत जोर इतका कमी असतो की साधा व्हॉल्व दिवसासुद्धा उघडत नाही.

धागाकर्ता
उशिराबद्दल क्षमस्व, वेल्डर मिळायला वेळ लागला. पाय कापले, आता फरक सव्वा फुटाचा आहे. पहाटेचं पाणी ५५-५६. अकरा दिवसांत कॉइल एकदाच लावली, सलग दोन दिवस आभाळ होतं म्हणून, आणि तीही आंघोळीआधी तासभर.

एक नवीन भानगड: पॅनेलं खाली आल्यामुळे सकाळी नऊपर्यंत कठड्याची सावली खालच्या वीतभर काचेवर पडते. पुन्हा कापाकापी?

प्रतिसाद ४
नको. नऊच्या आधीचं ऊन तिरपं असतं, काचेवरून बरंचसं परावर्तित होतं. दहा ते तीन सावली नाही ना? मग वेल्डरला त्रास देऊ नका. काच मात्र पुसत जा, धूळ सावलीपेक्षा जास्त खाते.