ऑरगॅनिक सोलर सेल: वरून फिल्टर लावायचा की आतला थर बदलायचा?

राजेंद्रनगरची मनू
गच्चीवरची निळी ताडपत्री दुसऱ्याच उन्हाळ्यात हात लावला की चुरा व्हायला लागली. इंदूरचं ऊन, दुसरं काय. ऑरगॅनिक सोलर सेलमध्ये वीज बनवणारा थरही कार्बनी रेणूंचाच, म्हणजे ताडपत्रीचा श्रीमंत भाऊबंद, उन्हातल्या अतिनील किरणांनी तोही झिजणार. माझं मत सरळ आहे: वर अतिनील अडवणारी फिल्म चिकटवा आणि मोकळे व्हा. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अतिनील साधारण ५ टक्के, तेवढ्यावर पाणी सोडू. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या मंडळींनी २०२५ मध्ये लाल कांद्याच्या सालींच्या रंगातली नॅनोसेल्युलोजची (वनस्पतींच्या अतिसूक्ष्म तंतूंची) फिल्म दाखवली. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे ९९.९ टक्के अतिनील तिनं अडवले. (तो प्रयोग डाय-सेन्सिटाइज्ड, म्हणजे रंगद्रव्यानं प्रकाश शोषणाऱ्या वेगळ्या जातीच्या सेलवरचा, आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी पकडणारच.) चोइथराम मंडीत सालींना काय तोटा!

सराफ्यातला भिया
ताई, चोर घरात आणि तुम्ही कुलूप लावताय दाराला. बऱ्याच सेलमध्ये इलेक्ट्रॉन गोळा करायला झिंक ऑक्साइडचा थर असतो. तेच, जे सनस्क्रीनमध्ये आपली कातडी वाचवतं. इथं मात्र अतिनील पडलं की ते उत्प्रेरक होतं आणि शेजारच्या थरात प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन घेणाऱ्या 'नॉन-फुलरीन' रेणूचा कार्बन-कार्बन दुहेरी बंध तोडतं. रेणू तुटला की प्रकाश शोषणंच कमी. तो थर बदला, टिन ऑक्साइड घ्या.

राजेंद्रनगरची मनू
पण झिंक ऑक्साइडला चेव आणतं कोण? अतिनीलच ना? तेच वर अडलं तर आतला चोर झोपूनच राहील. आणि ते ५ टक्केही पुरते जात नाहीत. एका फोटॉनमागे फार तर एक इलेक्ट्रॉन मिळतो, अतिनीलचा फोटॉन दांडगा, म्हणून तेवढ्या ऊर्जेत फोटॉन कमी. करंट त्याहून कमीच घटेल.

पेन्शनर काका, तिलकनगर
एवढी यातायात कशाला? सिलिकॉनवर २५ वर्षांची हमी मिळते. आपल्या पालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले ते जलूदच्या ६० मेगावॉट सोलरसाठी, नर्मदेचं पाणी उपसायला. तिथं कुणी कांद्याच्या साली विचारल्या नाहीत.

सराफ्यातला भिया
काका, जलूदला मोकळी जमीन आहे. माझ्या गोदामाचा पत्रा मी चढलो तरी कुरकुरतो, वीस-वीस किलोची पॅनेलं कुठं ठेवू? मला हलकी फिल्मच हवी. आणि तुमच्या सिलिकॉनलाही छत्री लागतेच: पॅनेलमधलं ईव्हीए (सेलला काचेशी चिकटवणारं पारदर्शक प्लास्टिक) उन्हानं पिवळं पडतं, म्हणून त्यात अतिनीलशोषक मिसळतात. मनूताई, तुमचा प्रश्नही इथंच अडतो. फिल्टरमधला शोषक स्वतः कार्बनी असेल तर तोही झिजणार. मग फिल्टरला फिल्टर लावणार? शिवाय कडेनं ओल आणि हवा शिरली, तर नुसत्या दृश्य प्रकाशातही हे रेणू ऑक्सिडाइज होतात. तिथं कांदा काय करणार!

राजेंद्रनगरची मनू
ओल अडवायला सीलबंद करावंच लागतं, ते कोण नाकारतंय? शोषक झिजला तर वरची फिल्म बदलता येते. आतला थर काढून बघा बरं! अक्षय्य तृतीयेला मी ताडपत्रीचे दोन तुकडे कठड्याला बांधलेत, एक उघडा, एक गाडीच्या काचेच्या फिल्मखाली. उघड्याचे धागे आत्ताच सुटायला लागलेत. दिवाळीत फोटो टाकते.

सराफ्यातला भिया
टाका जरूर. पण ताडपत्रीच्या पोटात झिंक ऑक्साइडचा थर नसतो, ताई.