आईबापांनी कागदांशिवाय आणलेली मुलं : कॉलेज आणि कागद, दोन्ही मिळावेत का?

प्लेनोवासी :
मंडळाच्या गणपतीत जेवताना विषय निघाला की टेक्सासने बिनकागदपत्रांच्या मुलांची इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांना लागते ती कमी फी) बंद केली ते बरंच झालं. टेबलावर आठ जण होते, सहा जणांचं हेच मत. मी तिथे गप्प बसले आणि घरी आल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. वर्गात एक मुलगी आहे, होंडुरासहून आईच्या कडेवर आली तेव्हा तीन वर्षांची होती, आता १९ ची. बालवाडीपासून सगळं शिक्षण इथलंच. तिच्यासारख्यांसाठी २००१ मध्ये याच टेक्सासने देशात सगळ्यात आधी कायदा केला होता, आणि सही करणारे गव्हर्नर रिक पेरी रिपब्लिकन होते बरं का. हायस्कूल संपायच्या आधी तीन वर्षं राज्यात राहिलेली असायला हवीत आणि शक्य होईल तेव्हा कायदेशीर रहिवासासाठी अर्ज करेन असं लिहून द्यायचं, एवढीच अट. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने खटला भरला, राज्याने त्याच दिवशी मान्य करून टाकलं, संपला २४ वर्षांचा कायदा. आता तिची फी एकदम तिप्पट. पाच विषय घ्यायची ती या सत्रात एकच घेतेय.

माझं म्हणणं सरळ आहे, ज्या मुलांनी सीमा स्वतःच्या पायाने ओलांडलीच नाही त्यांना शिकू द्या आणि कायद्याने राहू द्या.

सरळमार्गी :
ताई, मुलीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण मला नाही पटत. मी २००९ साली एच-वन वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलो, १६ वर्षं झाली, अजून ग्रीन कार्ड नाही कारण कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर कार्डं द्यायची नाहीत असा नियम आहे आणि भारतातून आलेल्यांची रांग संपता संपत नाही. वडील गेले तेव्हा व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट नाही म्हणून परत यायचं काय या धास्तीत मी नाशिकला अंत्यविधीलाही गेलो नाही. टॅक्स भरला, नियम पाळले, नोकरी बदलताना दहा वेळा वकिलाला विचारलं. आणि ज्यांनी काहीच पाळलं नाही त्यांच्या घरच्यांना आधी सवलत?

दुसरं म्हणजे हे एकदा करून झालंय. १९८६ मध्ये रेगनच्या काळात साधारण २७ लाख लोकांना कायदेशीर करून घेतलं, तेव्हाही हे शेवटचं म्हणाले होते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

जाईजुई :
@सरळमार्गी दादा, तुमच्या वडलांचं वाचून गलबलून आलं. पण तुम्ही जी रांग म्हणताय ती त्या मुलीला आहेच कुठे? मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात नऊ वर्षं काम करते. लोक रोज येतात, विचारतात की दंड भरतो, थांबतो, पण कुठल्या फॉर्मवर सही करू ते सांगा. फॉर्मच नसतो. आणि १९९६ च्या कायद्याने असं केलंय की १८ पूर्ण झाल्यावर वर्षभराच्या वर बिनकागदांचं राहून देश सोडला तर दहा वर्षं परत यायला बंदी. म्हणजे राहिलं तरी बेकायदा आणि नीट मार्गाने यावं म्हणून बाहेर गेलं तरी दार बंद.

डाका, म्हणजे लहानपणी कागदांशिवाय आणलेल्यांना तात्पुरतं संरक्षण देणारी योजना, तिचं नाव सगळ्यांना माहितीये, अटी कुणी वाचत नाही. ओबामांनी १५ जून २०१२ ला जाहीर केलं, त्यात १६ वर्षांच्या आत आलेलं पाहिजे, जून २००७ पासून सलग इथेच राहिलेलं पाहिजे, शाळेत असायला हवं किंवा शाळा पूर्ण केलेली हवी, मोठा गुन्हा नको. मिळतं काय, तर दोन वर्षं हाकलणार नाही एवढा शब्द आणि वर्क परमिट. ग्रीन कार्ड नाही, केंद्राची शिक्षणाची मदत नाही, दर दोन वर्षांनी परत फी भरा. प्लेनोताईंची विद्यार्थिनी २००७ नंतर आलेली दिसतेय म्हणजे तिला तेही नाही, आणि कोर्टकज्जांमुळे जुलै २०२१ पासून नवे अर्ज तसेही मंजूर होत नाहीत.

नागपूरकर :
मी भारतातून लिहितोय, एक साधा प्रश्न. ही मुलं शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी, तर आपल्या देशात परत का जात नाहीत? होंडुरासला शिक्षक नकोत का? फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही तीन होते, ते आले ना परत? आणि खरं सांगा, आपल्याकडे चोरून आलेल्यांच्या मुलांबद्दल हाच धागा काढला असता का?

अबोली :
@नागपूरकर, काढला असता, आणि मी तिथेही हेच लिहिलं असतं. आपल्या घटनेतलं २१-क कलम वाचा, ६ ते १४ वयाच्या सर्व बालकांना मोफत शिक्षण असं लिहिलंय, नागरिकांच्या बालकांना असं नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न टेक्सासच्याच टायलर गावात उठला होता. तिथल्या शाळांनी अशा पोरांकडून वर्षाला १००० डॉलर मागायला सुरुवात केली, मजुरी करणारे आईबाप कुठून देणार. १९८२ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की आईबापांच्या वागण्याचा बोजा मुलांवर टाकता येणार नाही, शाळा फुकटच द्यायची. गोची अशी की तो निकाल बारावीपर्यंतचाच. कॉलेजचा विषय राज्याराज्यावर राहिला.

आणि परत जा म्हणणं सोपं आहे हो. तीन वर्षांची असताना सोडलेल्या गावी कुणाच्या दारात उतरायचं?

एचफोर_एकेकाळी :
पहिल्यांदाच लिहितोय, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. मी सहा वर्षांचा असताना २००५ मध्ये आईबाबांबरोबर न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो, कायदेशीर, एच-फोर वर, म्हणजे एच-वन वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर. २०२० मध्ये २१ पूर्ण झाली आणि त्या दिवशी मी बाबांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून गळलो. घाईघाईने एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा केला, ज्या देशात पहिलीपासून शिकलो तिथे इंटरनॅशनल स्टुडंट झालो. मग डिग्री, ओपीटी (डिग्रीनंतर तात्पुरतं काम करायची परवानगी), एच-वनची लॉटरी, एकदाही नंबर लागला नाही. २०२४ पासून टोरांटोत आहे. आई एडिसनलाच.

डाकाच्या सगळ्या अटीत मी बसत होतो, एक सोडून. २०१२ च्या त्या दिवशी माझ्याकडे कायदेशीर स्टेटस होतं, म्हणून अपात्र. माझ्या शाळेतल्या ग्वाटेमालाच्या मित्राला पंधराव्या वर्षी डाका मिळालं, उन्हाळ्यात तो किराणा दुकानात काम करायचा आणि मी घरी बसायचो कारण मला परमिट नव्हतं. खूप राग यायचा त्याचा, खोटं कशाला सांगू. पण २०१७ ला डाका बंद करायची घोषणा झाली तेव्हा त्याच्याबरोबर बसलो होतो मी, तीन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने ती रद्द करेपर्यंत तो धड झोपत नव्हता. सरळमार्गी काका, माझं नाव पुढे करून त्याला शिक्षा देऊ नका प्लीज. त्याचं शिक्षण बंद झाल्याने मला एडिसनचं घर परत मिळणार नाहीये.

सरळमार्गी :
@एचफोर_एकेकाळी, तुझं वाचून दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. तरी मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. रागही आहे माझा, तो खरा आहे. सीमेवर धाक नसेल आणि दर वीस-तीस वर्षांनी माफी मिळणार असं दिसलं तर लोक लेकरांना घेऊन वाळवंटातून येतच राहणार, वाटेत मरणारी पण मुलंच असतात. हा मुद्दा तुम्ही कुणी घेतलाच नाही.

जाईजुई :
दादा, मुद्दा बरोबर आहे, म्हणून तर कायद्यात तारीख घालतात, त्या तारखेनंतर आलेल्यांना लागू नाही. आणि एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. अशा मुलांना कायद्याने राहू देणारा ड्रीम ॲक्ट पहिल्यांदा २००१ मध्ये मांडला, डेमोक्रॅट डर्बिन आणि रिपब्लिकन हॅच दोघांनी मिळून. २०१० मध्ये खालच्या सभागृहात पास झाला, सिनेटमध्ये ६० मतं लागत होती, ५५ पडली. मग मार्च २०२१ मध्ये खालच्या सभागृहाने जे बिल पास केलं, २२८ विरुद्ध १९७, त्यात एच-वन वाल्यांची मुलंसुद्धा घातली होती. कागद नसलेल्यांची आणि तुमची, दोघांची पोरं एकाच बिलात. सिनेटमध्ये ते तसंच पडून राहिलं. तेव्हा आपल्या मंडळांनी, आपल्या लोकांनी किती सिनेटरांना फोन केले?

नागपूरकर :
हे बिलाचं खरंच माहीत नव्हतं. शाळा-कॉलेजपुरतं मान्य करतो. नागरिकत्वाचं अजून नाही.

प्लेनोवासी :
@जाईजुई, मी पण नव्हता केला फोन. टेबलावरच्या त्या सहा जणांना आता हेच सांगणार आहे, या वेळी गप्प बसणार नाही.

सरळमार्गी :
२०२१ ला मीही नाही केला. माझी मुलगी तेव्हा चौदाची होती, वाटलं खूप वेळ आहे. ती आता १९ ची होईल. जाईजुई, त्या बिलाचं सध्या कुठवर आलंय आणि आमच्या सिनेटरच्या ऑफिसात नेमकं काय बोलायचं असतं ते जरा लिहाल का.